अकरा शास्त्रज्ञ आणि एक कपाट

अकरा शास्त्रज्ञ एका गुप्त प्रकल्पावर काम करत आहेत. कोणतेही सहा जण हजर असतील तरच कागदपत्रांचे कपाट उघडावे, पाच जणांना ते उघडता येऊ नये. किती कुलपे लागतील? उत्तर आहे ४६२, आणि प्रत्येकाने बाळगायच्या किल्ल्या २५२! पाच जणांच्या प्रत्येक गटाला अडवणारे एक वेगळे कुलूप हवे आणि ११ जणांतून ५ जण ४६२ प्रकारे निवडता येतात. २५२ कसे आले, ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

या कोड्याने सुरू होणारा अदी शमीर यांचा ‘हाऊ टू शेअर अ सीक्रेट’ हा निबंध नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात आला. त्याच वर्षी ब्लेकली यांनीही स्वतंत्रपणे, भूमितीच्या वाटेने, असाच उपाय मांडला. शमीर यांचा निबंध अवघ्या दोन पानांचा आहे, पण आज तो पुन्हा वाचण्याची गरज वाढली आहे.

आपली माहिती आता ‘क्लाउड’मध्ये, म्हणजे कुणा कंपनीच्या दूरच्या संगणकांवर असते. बाहेरच्या चोरासाठी तिथे दारे भक्कम असतात. पण कुंपणानेच शेत खाल्ले तर? एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची असंख्य कागदपत्रे बाहेर नेली. ती नेण्यासाठी भिंत फोडावी लागली नाही, कारण ते तिथे कंत्राटदारामार्फत काम करणारे संगणक-व्यवस्थापकच होते. त्यांचे कृत्य योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. तांत्रिक धडा मात्र स्पष्ट होता, आणि त्याच वर्षी संस्थेच्या प्रमुखांनी अशा कामासाठी दोन व्यक्तींचा नियम लागू करण्याचे जाहीर केले. बँकेची तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडते, तसेच हे.

शमीर यांची युक्ती नववीच्या विद्यार्थ्यालाही कळेल. आलेखावर एक सरळ रेषा काढा. ती य-अक्षाला जिथे छेदते, ती संख्या म्हणजे आपले गुपित. रेषेवरचा एकेक बिंदू एकेकाला द्या. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा ठरते आणि गुपित मिळते. एकट्याच्या बिंदूतून मात्र कितीही रेषा जातात. तिघे हवे असतील तर रेषेऐवजी द्विघाती वक्र घ्यावा, सहा हवे असतील तर पंचघाती. साध्या पूर्णांकांत एका बिंदूवरूनही थोडा अंदाज बांधता येऊ शकतो, म्हणून शमीर अविभाज्य संख्येने भागून उरणाऱ्या बाकीचे अंकगणित वापरतात. मग एकट्याला काहीही कळत नाही. क्लाउडमधील माहिती सांकेतिक रूपात ठेवून तिची किल्ली अशी वाटली, तर एकटा कर्मचारी ती उघडू शकत नाही.

इतका निर्दोष विचार मांडूनही निबंध काही प्रश्न मोकळे सोडतो. तुकडे वाटणाऱ्याला संपूर्ण गुपित माहीत असते. तो प्रामाणिक आहे, हे गृहीतच आहे. कुणी मुद्दाम खोटा तुकडा दिला तर तो ओळखायचा कसा, हे इथे नाही. त्यावर इतरांनी १९८० च्या दशकात काम केले. तुकडे जोडून किल्ली बनवणाऱ्या यंत्राने काम होताच ती विसरावी, अशीही अपेक्षा आहे. त्या क्षणी यंत्राशीच कुणी छेडछाड केली तर?

सर्वांत खटकते ते शमीर यांचेच एक उदाहरण. धनादेशावर सही होण्यासाठी तीन तुकडे लागतात. साध्या अधिकाऱ्याला एक तुकडा, उपाध्यक्षाला दोन आणि अध्यक्षाला तीन! म्हणजे एकट्याच्या हाती सत्ता नको म्हणून रचलेल्या पद्धतीत अध्यक्ष पुन्हा एकटाच पुरेसा ठरतो. गणितात चूक नाही. पण कुणाला किती तुकडे द्यायचे, हे गणित सांगत नाही. ते माणसे ठरवतात, आणि सोयीसाठी ‘वरच्यांना’ सूट देतात. घरभेद्याला वाट मिळते ती बहुधा याच सवलतीतून.

तरीही शिक्षकांनी हा निबंध जरूर मिळवावा. रेषेच्या समीकरणाचा उपयोग काय, असे वर्गात कुणी विचारले, तर फळ्यावर अकरा शास्त्रज्ञांचे कपाट काढावे. आणि तास संपण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : अध्यक्षाला तीन तुकडे का द्यायचे?