टीव्ही लावून दे: एका सेटअपचं वाचन

समीक्षा लिहायची तर ती पुस्तकाची, सिनेमाची, फार तर वेबसिरीजची लिहितात. मी ज्याबद्दल लिहिणार आहे ते आपण सगळे घाईत, एकदाच आणि पूर्ण न वाचता वाचतो: टीव्हीच्या मागे खोचायच्या स्ट्रीमिंग डबीचा सेटअप. पंचवीस-तीस पडदे, प्रत्येकावर एक वाक्य आणि एक बटण. त्याला लेखक असतात, पण ते पगारी असतात आणि त्यांचं नाव कुठेच येत नाही. मला हे माहीत आहे, कारण माझी नोकरीच असले पडदे बनवायची आहे. टीव्हीचे नाही, दुसऱ्या एका ॲपचे. पण जात तीच.

गेल्या दिवाळीत कराडला घरी गेले, तर बाबांनी खोकं पुढ्यात ठेवलं. “तू इंजिनियर ना, लाव बरं.” घरात नुकतं फायबर आलं होतं, केबलचं रिचार्ज संपत आलं होतं, आणि बाबांचा हिशेब सरळ होता: दोन्हीकडे पैसे कशाला भरायचे? आजी सोफ्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात बसून बघत होती. तिने एवढंच विचारलं, “सातची लागेल ना गं यावर?”

“आजी, सातचीच काय, कधीचीही लागेल,” मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तरही नव्हतं, हे कळायला मला चार दिवस लागले.

तांत्रिक सल्ला आधीच देऊन मोकळी होते. डबीला वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून देऊ नका, यूएसबी २.० च्या पोर्टातून प्रमाणानुसार ५०० मिलीअँपिअरच मिळतात आणि डबी कुरकुरते. सोबतचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावा. राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ वालं वायफाय भिंतींतून बरं पोचतं. झालं. आता वाचूया.

पहिला पडदा: भाषा निवडा. मी सवयीने इंग्रजी निवडली. घरात आम्ही चार माणसं, चौघांची भाषा मराठी. निवड दोन सेकंदांत झाली आणि कोणालाही न विचारता मी केली. याचा दोष डबीला देता येणार नाही.

पुढे खात्यात लॉगिन. टीव्हीवर आठ अक्षरांचा कोड येतो, तो फोनवर टाकायचा, की टीव्ही आपोआप आत. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत पासवर्ड टाकायची शिक्षा ज्यांनी भोगली आहे त्यांना या सोयीची किंमत कळेल. ही पद्धत आरएफसी ८६२८ नावाच्या दस्तऐवजात २०१९ साली नोंदवली गेली. त्यात एक बारीक सूचना आहे, जी मला फार आवडते: कोडमध्ये इंग्रजी स्वर वापरू नयेत. कारण अक्षरं कशीही जोडताना चुकून एखादा शब्द तयार व्हायला नको. शब्द तयार झाला तर तो भलताही असू शकतो! म्हणून स्वर काढायचे, वायसुद्धा काढायचा, की उरतात २० व्यंजनं. आठ अक्षरांचा कोड म्हणजे २० चा आठवा घात, २,५६० कोटी शक्यता. पुरेशा सुरक्षित, आणि सगळ्या निरर्थक.

हे मुद्दाम सांगतेय. सेटअप लिहिणारी माणसं निष्काळजी नसतात. पडद्यासमोरचा माणूस कुठे अडखळेल, कशाने दचकेल, याचा विचार ती अक्षराच्या पातळीवर जाऊन करतात. त्यामुळे पुढच्या पडद्यांवर ज्याचा विचार दिसत नाही, ते राहून गेलं असं मला म्हणवत नाही. तिथे दुसऱ्याच कोणाचा तरी विचार झालेला असतो.

*

लॉगिन झाल्यावर ॲप विचारतं: कोण बघतंय?

वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने १९७२ सालच्या पुस्तकात अभिप्रेत वाचकाची कल्पना मांडली. प्रत्येक संहितेच्या पोटात तिला हवा असलेला एक वाचक दडलेला असतो. खऱ्या वाचकाला थोडा वेळ तरी त्याच्या जागी जाऊन बसावं लागतं. सेटअपच्या पोटात दडलेला प्रेक्षक कसा आहे? त्याला ईमेल आहे. त्याच्या हातात चार्ज केलेला फोन आहे. त्याला ओटीपी येतात, आणि आलेले वाचता येतात. आणि मुख्य म्हणजे तो एकटा आहे.

आमच्या घरी “कोण बघतंय?” याचं खरं उत्तर “आपण” असं आहे. मराठीत आम्ही आणि आपण हे दोन वेगळे शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, त्याला धरून आपण. सात वाजता आजी मालिका बघते. आई समोर भाजी निवडत अर्धी बघते, अर्धी ऐकते. बाबा पेपरमागे असतात आणि “हिला कळत कसं नाही” म्हणून मधेच पात्रांवर डाफरतात, म्हणजे तेही बघतात. शेजारच्या काकू आल्या तर त्याही. यातला कोणता गोल चेहरा निवडायचा?

मी “घर” नावाचं प्रोफाइल केलं. चांगला तोडगा वाटला. दोनच दिवसांत या “घर” नावाच्या माणसाला कुस्त्या, कीर्तन, लहान मुलांची गाणी आणि शेअर बाजार असं सगळं एकत्र सुचवलं जाऊ लागलं. यंत्राला वाटलं असेल, केवढा विचित्र माणूस आहे हा.

खातं मात्र बाबांच्या ईमेलचं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाचं नाव असतं तसं. फरक इतकाच, की रेशनकार्डावर त्याच्या खाली बाकीच्यांचीही नावं असतात.

मग अटींचा पडदा. टीव्हीवरच्या रचनेला आमच्या धंद्यात “दहा फुटी इंटरफेस” म्हणतात, कारण ती दहा फुटांवरून वाचली जाणार हे धरून अक्षरं मोठी ठेवायची असतात. मालिकांची नावं, पोस्टर, “पुढे” हे बटण, सगळं दहा फुटी. अटींचा मजकूर मात्र खिडकीजवळ जाऊन वाचावा असा. आई म्हणाली, “हो म्हण आणि जा पुढे.” मी चौघांच्या वतीने हो म्हणाले. २०१९ साली प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांतल्या संशोधकांनी रोकू आणि ॲमेझॉन फायर टीव्हीवरची ॲप्स तपासली होती. रोकूवरच्या ६९ टक्के आणि फायर टीव्हीवरच्या ८९ टक्के ॲप्समध्ये माग काढणारे ट्रॅकर सापडले. पूर्वी टीव्ही फक्त दाखवायचा. आता तो बघतो पण, आणि याला परवानगी दिलेली असते ती सोफ्यावरून उठायचा कंटाळा केलेल्या माणसाने.

*

सेटअप संपतो आणि होम स्क्रीन उघडतो. इथे खरी कलाकृती सुरू होते.

रेमंड विल्यम्सने १९७४ सालच्या “टेलिव्हिजन” या पुस्तकात “फ्लो” म्हणजे प्रवाह ही कल्पना मांडली. अमेरिकेत टीव्ही बघताना त्या ब्रिटिश माणसाच्या लक्षात आलं, की सिनेमा, जाहिरात, पुढच्या सिनेमाची झलक असे सुटे तुकडे इथे नाहीतच. सगळ्याचा मिळून एक आखलेला प्रवाह आहे, आणि प्रेक्षकाने त्यातून बाहेर पडू नये हा त्याचा हेतू आहे. स्ट्रीमिंगचं आश्वासन याच्या उलट होतं: वेळापत्रक नाही, हवं ते, हवं तेव्हा. नावात मात्र प्रवाह आलाच! आणि होम स्क्रीनवर तो परतही आला, फक्त आडवा. वरचा अर्धा पडदा एका भल्यामोठ्या जाहिरातीचा, खाली सरकत्या रांगा, एक संपली की दुसरी. ज्या ॲपसाठी तुम्ही टीव्ही लावलात ते मधेच कुठेतरी, लहान चौकोनात.

यामागचं अर्थशास्त्र लपलेलं नाही. रोकूचे जाहीर हिशेब पाहा: उत्पन्नाचा मोठा भाग जाहिराती आणि सेवांतून येतो, आणि अलीकडच्या काही वर्षांत नुसती उपकरणं विकण्यात कंपनीला तोटाच झाला आहे. म्हणजे डबी हे दुकानाचं दार आहे, विकायचा माल नव्हे. दारातून आत आलेला माणूस सरळ आपल्या वस्तूकडे जाऊ लागला तर दुकानाचं भाडं कोण भरणार?

आजी मात्र सरळच जायची. केबलवर तिची पद्धत अशी होती: टीव्हीचं लाल बटण, सेट-टॉप बॉक्सचं लाल बटण, मग ४, २, ७. तिला इंग्रजी वाचता येत नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक दिसत नाही, पण ४२७ कुठे आहे हे तिच्या अंगठ्याला माहीत होतं. आपण तांत्रिक माणसं या आकड्यांना मागास समजतो. खरं तर चॅनलचा आकडा हा उत्तम पत्ता आहे. तो वाचावा लागत नाही, बघणारा बदलला तरी बदलत नाही, आणि कालच्या जागीच आज सापडतो. या डबीच्या रिमोटवर आकडेच नाहीत. आणि होम स्क्रीनवरच्या वस्तू रोज जागा बदलतात, कारण रोज नवं दाखवणं हेच तिचं काम.

मी आजीला आवाजाचं बटण शिकवलं. “हे दाबून धर आणि बोल.” तिने दाबलं, सोडलं आणि मग बोलली. पुन्हा शिकवलं. या वेळी दाबून धरून ती त्या रिमोटला अगदी आर्जवाने म्हणाली, “बाळा, माझी सातची लाव रे.” पडद्यावर बाळांची गाणी आली. आम्ही सगळे खूप हसलो. आजीही हसली. त्यानंतर तिने तो रिमोट हातात घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सात वाजता मी आत फराळाचे डबे भरत होते. तिची हाक आली, “टीव्ही लावून देतेस का गं?” चौथ्या दिवशी आईला, “लावून दे गं जरा.” बाबा बाहेर गेलेले, आई देवळात, मी फोनवर, असं एकदा झालं तेव्हा ती काळ्या पडद्यासमोर वीसेक मिनिटं नुसती बसून होती. मी म्हटलं, “आजी, हाक मारायचीस ना!” ती म्हणाली, “तू कामात होतीस.”

टीव्ही लावणं आणि टीव्ही लावून मागणं यांत मराठीत एका क्रियापदाचं अंतर आहे. ते अंतर आमच्या घरात मी निर्माण केलं. सेटअपच्या शेवटच्या पडद्यावर “सगळं तयार आहे” असं लिहून आलं होतं.

ऑफिसात आम्ही याच पडद्यापर्यंत मोजतो. शंभर माणसांनी सुरुवात केली तर शेवटपर्यंत किती पोचली, कुठल्या पडद्यावर किती गळली. आमच्या घरचा सेटअप त्या आलेखात शंभर टक्के यशस्वी आहे: कुठे अडला नाही, गळती शून्य. आजी त्या आलेखात गळलेली दिसणार नाही, कारण ती त्यात धरलेलीच नव्हती. मी स्वतः बनवलेल्या पडद्यांवर “नंतर” हे बटण फिकट राखाडी ठेवलं आहे, आणि त्याने आकडे सुधारल्यावर शाबासकीही घेतली आहे. कोणाच्या घरी कोण काळ्या पडद्यासमोर बसलं, हे मला कुठल्या डॅशबोर्डवर दिसलं नाही.

एका बाजूचंच बोलायचं नाही म्हणून हेही नोंदवते. बाबा आता जुन्या कसोटी सामन्यांचे तुकडे रात्री बघतात आणि लहान मुलासारखे खूश असतात. आईला तिच्या कॉलेजच्या काळातला एक मराठी सिनेमा सापडला, जो ती कित्येक वर्षं आठवत होती. डबी वाईट नाही. तिच्या अभिप्रेत प्रेक्षकासाठी ती छानच आहे. ज्या घरात ती ठेवली जाते तिथे त्या प्रेक्षकाशिवायही माणसं राहतात, एवढंच तिच्या संहितेत लिहिलेलं नाही. आणि ते लिहायची जागा आहे. टीव्ही उघडला की थेट एका ठरावीक कार्यक्रमावर जा, एवढा एकच प्रश्न सेटअपमध्ये विचारता आला असता. स्वर गाळायचं ज्यांना सुचतं त्यांना हे सुचणार नाही असं नाही. पण मग वरचा अर्धा पडदा कोणी बघायचा?

भाऊबीजेच्या दिवशी मी केबलचं रिचार्ज केलं. तरी प्रश्न सुटला नाही. डबीचं कुठलंही बटण दाबलं गेलं की टीव्ही आपणहून तिच्याकडे वळायचा आणि मग ४२७ दाबून काही व्हायचं नाही. याला एचडीएमआय-सीईसी म्हणतात. एकाच तारेतून उपकरणं एकमेकांना निरोप देतात. सॅमसंगच्या टीव्हीत ते ॲनीनेट प्लस नावाने सापडतं, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. तुमच्या घरीही अशी आजी असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, आणि टीव्ही सुरू होताना कुठला इनपुट उघडावा असा पर्याय असेल तर तिथे सेट-टॉप बॉक्स निवडा. बाबांना डबी बघायची तर ते इनपुट बदलतील. त्यांना ते येतं.

संध्याकाळी सातला पाच कमी असताना मी दोन्ही जुने रिमोट आजीच्या हातात दिले. “झालं पूर्वीसारखं. दोन लाल बटणं आणि तुझा नंबर.” तिने रिमोट घेतले, अंगठा बटणावर ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “लावू का गं मी?”

आधी तिने कधी विचारलं नव्हतं.