ब्राउझर चालतो, स्क्रिप्ट अडकते: आरएफसी ८३०५ वाचताना

एकच लॅपटॉप, एकच पायथन स्क्रिप्ट. साताऱ्यात घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ती लगेच डेटा उतरवायला लागते. सांगलीत लॅबच्या वाय-फायवर दोन मिनिटं नुसती बसून राहते, मग सुरळीत चालते. ब्राउझरमध्ये मात्र तीच साइट दोन्हीकडे झटकन उघडते. माझ्या एका ज्युनियरने प्रगती अहवालात 'सर्व्हर मंद आहे' असं लिहूनही टाकलं होतं. अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी आम्ही शोधायला बसलो, म्हणून ते वाक्य निघालं.

झालं होतं असं. लॅबचा राउटर लॅपटॉपला आयपीव्ही६ पत्ता देत होता, पण त्यावरून बाहेर काहीच जात नव्हतं. 'रस्ता नाही' असं उत्तर आलं असतं तर प्रोग्राम लगेच पुढच्या पत्त्याकडे वळला असता. इथे पॅकेट गुपचूप गिळली जात होती. लॅपटॉपवर उबुंटू. लिनक्स पत्त्यांचा क्रम ठरलेल्या नियमांनी लावतं आणि त्यात सहसा आयपीव्ही६ वर येतं. पहिल्या पत्त्याकडून उत्तर आलं नाही की पुन्हा पुन्हा प्रयत्न होतात, आणि हार मानायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ जातो. मग आयपीव्ही४.

ब्राउझर का अडकत नाही? कारण तो 'हॅपी आयबॉल्स' वापरतो. ही कल्पना २०१२ च्या आरएफसी ६५५५ मध्ये मांडली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलमधल्या डेव्हिड स्किनाझी आणि टॉमी पॉली यांनी आरएफसी ८३०५ लिहून ती सुधारली: एका पत्त्यावर प्रयत्न सुरू करा, २५० मिलिसेकंदांत जोडणी झाली नाही तर दुसऱ्यावरही सुरू करा, जी आधी जुळेल ती ठेवा.

दस्तऐवज छोटा आहे, संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी जरूर वाचावा. पण वाचताना मला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे २५० हा आकडा. किमान १०० आणि कमाल २ सेकंद या मर्यादाही दिल्यात, पण त्यामागच्या मोजमापाचा एकही तक्ता नाही. आपल्या गाईडने असा आकडा प्रबंधात चालवून घेतला असता का? (माझ्या तरी नाही.)

दुसरी जास्त गंभीर. हे काम ऑपरेटिंग सिस्टिमने करायचं की प्रत्येक प्रोग्रामने, हे बंधनकारक केलेलं नाही. परिणाम समोर आहे. अॅपलने ते आपल्या नेटवर्किंग लायब्ररीत घातलं. लिनक्सने प्रोग्रामवर सोडलं. क्रोम ३०० मिलिसेकंद थांबतो, कर्ल २००. पायथनच्या असिंकआयओत २०१९ पासून सोय आहे, पण ती आपण मागावी लागते. आपण सगळे जी रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरतो तिच्यात ती नाहीच. म्हणजे एकाच मशीनवर 'नेट चालू आहे का' या प्रश्नाची तीन उत्तरं.

प्रामाणिकपणाबद्दल मात्र लेखकांना गुण द्यायला हवेत. या पद्धतीमुळे नेटवर्कमधले दोष झाकले जातात, हे त्यांनी नवव्या विभागात स्वतःच मान्य केलंय. तिथेच आणखी एक मर्यादा आहे: शर्यत फक्त जोडणी होईपर्यंतची. जोडणीनंतर मोठी पॅकेट वाटेत अडकली, तर हॅपी आयबॉल्सला त्याचा पत्ताही लागत नाही. पण दोष झाकला जाण्याचा मुद्दा शेवटी, छोट्याशा परिच्छेदात. माझ्या मते तो सुरुवातीलाच यायला हवा होता, कारण नेमकं तेच आमच्या लॅबमध्ये झालं: ब्राउझर चालत होता, त्यामुळे बिघाड आहे असं कुणाला वाटलंच नाही.

तुमच्या मोजमापात असा अडथळा आला तर आधी कर्लला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा, मग फक्त आयपीव्ही६, आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या नोंदवा. आम्हाला एवढंच करायला दहा मिनिटं लागली.

लॅबच्या राउटरचं काय झालं? तक्रार केल्यावर त्यावरचं आयपीव्ही६ बंद करण्यात आलं. स्क्रिप्ट आता पळते. जिओ २०१६ मध्ये आल्यापासून साताऱ्यात घरच्या मोबाईलवर जे सहज चालतंय, ते सांगलीच्या लॅबमध्ये आता मुळीच नाही.