चाकाची खुर्ची आणि जिन्याची पायरी

मराठीत ‘खुर्ची’ या शब्दास एक लौकिक अर्थ कायमचा चिकटला आहे. खुर्ची म्हणजे अधिकार. खुर्ची मिळते, खुर्ची जाते, मनुष्य खुर्चीला चिकटून बसतो आणि लोक मुजरा करतात तो माणसास नसून खुर्चीस असतो, असे आपण म्हणतो. परप्रांती सरकारी सेवेत आयुष्य वेचणाऱ्या आमच्या वाचकांस हा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्राचे नाव वाचताना ही छाया आमच्या मनात आल्यावाचून राहिली नाही. लेखिका स्वतः केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरीस होत्या. ज्या कचेरीत एक खुर्ची सही करते, त्याच कचेरीत दुसरी खुर्ची शिरू शकते की नाही, हा प्रश्न त्या नावातच दडलेला आहे. मराठी टीकेने मात्र तो क्वचितच उचलला.

या प्रकारच्या पुस्तकांची आपल्याकडे एक ठराविक संभावना होते. परीक्षणकर्ता लेखकाच्या जिद्दीचे कौतुक करतो, डोळे पाणावल्याचे सांगतो, तरुणांनी हे पुस्तक अवश्य वाचावे अशी शिफारस करतो आणि लेखणी खाली ठेवतो. या स्तुतीत खोटेपणा नसतो. परंतु तिच्यामुळे ग्रंथाचे वाचन अपुरे राहते. सारे श्रेय माणसाच्या मनोबलास दिले की सारी जबाबदारीही त्याच्याच माथी येते. जो जिना चढला तो थोर ठरतो. जो चढू शकला नाही तो दुबळा ठरतो. जिना बांधणाऱ्याचे नाव मात्र दोन्ही हिशेबांत येत नाही. हा दोष वाङ्मयीन दृष्टीचा आहे आणि त्याचा परिणाम वाङ्मयाबाहेर होतो, म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही तीन पुस्तके घेतली आहेत: एक मराठी व दोन इंग्रजी, तिन्ही आपल्याच भूमीतील.

आपली वाङ्मयपरंपरा या बाबतीत फारशी साह्यकारी नाही. मंथरेचे कुबड तिच्या मनाचे चिन्ह होऊन बसते. जनकाच्या सभेत अष्टावक्रास पाहून पंडित हसतात आणि त्याची विद्वत्ता त्यांस लज्जित करते. तेथे वाकडे शरीर आत्म्याच्या तेजास पार्श्वभूमी म्हणून वापरले जाते. पहाटे दान मागत फिरणाऱ्या पांगुळाचे रूपक ज्ञानेश्वर-एकनाथांच्या रचनांत आले ते परमार्थ सांगण्यासाठी. रूपके थोर आहेत, यात संशय नाही. पण या सर्व ठिकाणी पंगू शरीर दुसऱ्याच कशाचा तरी अर्थ वाहून नेते. त्या शरीराचा मालक सकाळी उठून पाण्याच्या नळापर्यंत कसा पोहोचतो, हे कोणी विचारीत नाही. आमच्यापुढील तीन लेखकांनी आपले शरीर रूपकातून सोडवून घेतले, हेच त्यांचे पहिले वाङ्मयीन कार्य होय.

‘चाकाची खुर्ची’ची भाषा साधी, बोलकी व निरलंकार आहे. कोल्हापुरातील एका मुलीचा कमरेखालचा भाग ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर निकामी होतो, आणि पुढे निराशेचा मोठा काळ येतो. तो काळ लेखिकेने झाकून ठेवलेला नाही. कथानकाचे वळण पुढे येते ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. हे गृहस्थ स्वतः चाकांच्या खुर्चीत बसणारे, आणि तरीही आपले व्यवहार स्वतः पाहणारे. येथे आम्हांस एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. लेखिकेस उभारी देण्यासाठी येथे आपल्यासारखे जगणारे एक माणूस दिसावे लागले. उपदेशाने जे साधत नाही ते उदाहरणाने साधते, हे मराठी वाचकास नवे नाही. परंतु असे उदाहरण दृष्टीस पडावयाचे तर त्या माणसास घराबाहेर पडता आले पाहिजे, हा त्या प्रसंगातील अनुक्त भाग आहे.

या आत्मचरित्रात जसजसे पुढे जावे तसतशी ‘मी’ मागे सरते आणि संस्था पुढे येते. १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. वसतिगृह, शाळा, उद्योग यांचा विस्तार झाला. कलादृष्ट्या येथे आत्मचरित्र विरळ होऊन अहवालाची छटा येते, असा आक्षेप कोणी रसिक घेईल. आक्षेप तांत्रिक दृष्ट्या खरा आहे. तथापि आत्मचरित्राची रूढ कल्पना अशी की, व्यक्ती आधी स्वतंत्र होते व मग समाजाकडे वळते. हुरजूक यांच्या जीवनात हा क्रम शक्यच नव्हता. एका मुलीस शिकावयाचे तर उंबरठा नसलेले वसतिगृह हवे, आणि असे वसतिगृह एकटीपुरते बांधता येत नाही. तेव्हा ‘मी’चे ‘आम्ही’त होणारे हे रूपांतर रचनेतील शैथिल्य नसून आशयाची गरज आहे, असे आमचे मत आहे.

फिरदौस कांगा यांची ‘ट्राइंग टु ग्रो’ (१९९०) ही कादंबरी सर्वस्वी वेगळ्या प्रकृतीची आहे. मुंबईतील पारशी कुटुंब, ठिसूळ हाडांचा जन्मजात विकार असलेला नायक, आणि त्या ठिसूळपणावरूनच पडलेले ‘ब्रिट’ हे त्याचे घरगुती नाव. लेखकाचा स्वतःचा विकार तोच. या कादंबरीचा प्राण तिच्या विनोदात आहे. ब्रिट स्वतःवर हसतो, आईबापांवर हसतो, आणि दया करावयास येणाऱ्यांवर तर फारच हसतो. त्याहून धीट गोष्ट अशी की, त्याला वासना आहेत, मत्सर आहे, प्रेमभंग आहे. पंगू नायक संत असला पाहिजे, ही वाचकाची गुप्त अपेक्षा कांगा निर्दयपणे मोडतात. पुढे १९९७ साली या कादंबरीवरून ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट निघाला व नायकाची भूमिका खुद्द लेखकानेच केली.

कादंबरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचा गुरुत्वमध्य घरात आणि हृदयात आहे. कुटुंब प्रेमळ आहे, विनोद अखंड आहे, आणि त्या उबेत मुंबई शहरास फारसे उत्तर द्यावे लागत नाही. नायकाची धडपड मोठे होण्याची, प्रिय होण्याची आहे. पदपथाची कड इतकी उंच का, हे विचारण्याची नाही. कादंबरीकारावर ती सक्ती करणे अन्यायाचे होईल. पण एका पुस्तकाने जे सोडले ते दुसऱ्याने उचलले की नाही, हे पाहण्याचा टीकाकारास अधिकार आहे.

ते उचलले मालिनी चिब यांनी. ‘वन लिटल फिंगर’ हे त्यांचे आत्मकथन एका करंगळीने, अक्षर अक्षर दाबून लिहिलेले आहे. शीर्षक तेथूनच आले. जन्माच्या वेळी मेंदूस झालेल्या इजेमुळे त्यांचे चालणे, बोलणे व हातांवरील ताबा बाधित झाला. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापिली. मालिनीबाई मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या आणि पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या त्यांनी मिळविल्या. या पुस्तकाचा गाभा दोन शहरांच्या तुलनेत आहे. शरीर तेच, बुद्धी तीच, करंगळी तीच. एका शहरात विजेवर चालणाऱ्या खुर्चीतून त्या एकट्या हिंडतात; दुसऱ्यात पाऊल टाकावयास, म्हणजे चाक टाकावयास, दोन माणसे बरोबर लागतात. मग पांगळेपण नेमके कोठे आहे? शरीरात, की शरीर आणि इमारत यांच्यामधील जागेत? ब्रिटनमधील अपंग विचारवंतांनी १९७० च्या दशकापासून हा भेद शास्त्रीय रीतीने मांडला; चिब यांनी तो जगून दाखविला. काही ठिकाणी कथन थांबून प्रतिपादन सुरू होते, आणि तेथे वाचकाचे मन किंचित दूर जाते. पण ज्या ठिकाणी त्या केवळ एकट्याने बाहेर पडल्याचा आनंद सांगतात, तेथे शंभर प्रबंधांचे काम होते.

तिन्ही पुस्तके एकत्र वाचली म्हणजे जिद्द या शब्दाचे वजन बदलते. तीन पायऱ्यांचे गणित मांडून पाहावे. प्रत्येक पायरी सहा इंच धरली तर उंची दीड फूट. उतरणीचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे अठरा फूट लांबीचा उतार हवा. दार सुमारे नव्वद सेंटिमीटर मोकळे हवे, आणि खुर्ची वळण्यास दीड मीटर व्यासाची जागा. शौचगृहाचे दार बाहेर उघडले पाहिजे, नाहीतर आत गेलेली खुर्ची ते लावू देत नाही. या आकड्यांत कोणतेही काव्य नाही. तथापि ज्या आत्मचरित्रात मनोबलाची सहा प्रकरणे आहेत, त्यांतील तीन प्रकरणे या अठरा फुटांनी अनावश्यक झाली असती, हे समजल्याखेरीज त्या आत्मचरित्राचे रसग्रहण पूर्ण होत नाही.

आता एका वेगळ्याच प्रकारच्या संहितेकडे वळू. कायदा हाही एक ग्रंथ आहे, आणि आमचे वाचक तो वाचण्यात आमच्याहून अधिक वाकबगार आहेत. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. त्यासाठी झगडणाऱ्यांत जावेद आबिदी (१९६५–२०१८) हे स्वतः चाकांच्या खुर्चीत बसणारे गृहस्थ अग्रभागी होते. त्या कायद्यात रस्ते व इमारती यांविषयीच्या तरतुदींना आर्थिक कुवतीच्या मर्यादेची शेपटी जोडलेली होती. २०१६ च्या कायद्याने ती भाषा कडक केली: नियमांस न जुळणाऱ्या इमारतीस बांधकामाची परवानगी नाही व पूर्णत्वाचा दाखला नाही; जुन्या सार्वजनिक इमारतींस पाच वर्षांची मुदत. नियम २०१७ साली निघाले. मुदत २०२२ साली संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतील पंधराव्या नियमाचा पहिला पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरविला. कारण कायदा सक्तीची भाषा बोलत होता आणि नियम शिफारशीची.

मराठी व्याकरण जाणणारास यातील मर्म चटकन उमगेल. आपल्या विध्यर्थात कर्तव्य, इच्छा, शक्यता ही सारी एकाच प्रत्ययात नांदतात. ‘उतार असावा’ या वाक्यात आज्ञाही वाचता येते आणि सदिच्छाही. टिपणी लिहिणाऱ्याच्या मनात आज्ञा असते, अंमल करणाऱ्याच्या मनात सदिच्छा; आणि त्या दोहोंच्या मधल्या पोकळीत पायरी वर्षानुवर्षे तशीच राहते. सर्वोच्च न्यायालयाने जे केले ते मूलतः एका क्रियापदाच्या अर्थाचे वाचन होते. वाङ्मयाच्या अभ्यासाचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणारांस हे उत्तर पुरावे.

सदिच्छेचा आणखी एक नमुना इतिहासात आहे. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले. त्यांच्यासाठी कुतुबमिनार, जंतरमंतर अशा वास्तूंत तात्पुरते लाकडी उतार बसविण्यात आले. थोर पाहुण्यास मार्ग मोकळा झाला, हे योग्यच होते. पण जे एका पाहुण्यासाठी थोड्या दिवसांत होऊ शकते, ते अशक्य होते असे म्हणण्याची सोय त्यानंतर कोणासही राहिली नाही. २०११ च्या जनगणनेत या देशातील अपंग व्यक्तींची संख्या दोन कोटी अडुसष्ट लाखांच्या घरात नोंदली गेली आहे.

शब्दांची अदलाबदल करून हा प्रश्न सुटत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. पंगू, अपंग, विकलांग, आणि २०१५ नंतर रूढ झालेला दिव्यांग, अशी ही चढती भाजणी आहे. प्रत्येक नव्या शब्दामागे सद्भाव होता. तथापि ‘दिव्य’ म्हटल्याने माणूस पुन्हा अष्टावक्राच्या आसनावर जाऊन बसतो. त्याच्यापुढे हात जोडले जातात आणि दार तेवढेच अरुंद राहते. या दृष्टीने ‘चाकाची खुर्ची’ हे नाव आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते. त्यात गौरव नाही, करुणा नाही. एक वस्तू आहे, आणि ती वस्तू कोठे जाऊ शकते हा प्रश्न आहे.

मराठीत अशा अनुभवाचे लेखन आणखी यावे, आणि त्याने वाचकास रडविण्याचे ओझे घेऊ नये, ही आमची अपेक्षा आहे. कांगांचा खट्याळपणा, चिबांची तुलना आणि हुरजूकांचा संसारी स्पष्टपणा एकाच मराठी लेखणीत उतरला, तर आपल्या आत्मचरित्रपर वाङ्मयास एक नवे दालन मिळेल. वाचकांपुरते बोलावयाचे तर आमचे वाचक केवळ वाचक नाहीत. कोणाच्या टेबलावर नकाशे येतात, कोणाच्या सहीने पूर्णत्वाचा दाखला निघतो, कोणी परगावच्या महाराष्ट्र मंडळाचे कार्यवाह आहेत. त्यांनी ही तीन पुस्तके आपल्या मंडळाच्या ग्रंथालयासाठी जरूर मागवावीत. मात्र ते ग्रंथालय जिन्यावरील खोलीत असेल, तर पुस्तकांची यादी करण्यापूर्वी तळमजल्यावर एखादी खोली मिळते का, याची चौकशी करावी. ज्यांच्याविषयी ही पुस्तके आहेत त्यांसही ती वाचावयास येता आले पाहिजे.