कोणाकडे राहशील?

असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ (२०११) या इराणी चित्रपटाच्या मूळ फारसी नावात ‘जोदायी’ हा शब्द आहे. आपली ‘जुदाई’ तीच. आरंभी नादेर व सिमीन हे दांपत्य घटस्फोटासाठी न्यायाधीशांसमोर बसते. न्यायाधीश दिसत नाहीत. दोघे थेट आपल्याकडे पाहून बोलतात, आणि निवाड्याच्या खुर्चीत प्रेक्षक बसतो. सिमीनला मुलीच्या भवितव्यासाठी परदेशी जायचे आहे. नादेरला स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना सोडवत नाही. दोघांचेही खरे.

पुढे घरकामाला ठेवलेल्या स्त्रीचा गर्भ गेल्याबद्दलचा खटला पुष्कळ जागा व्यापतो. आम्हांस तो काहीसा लांबलेला वाटला. परंतु त्यातच अकरा वर्षांची तेर्मे बापाला वाचविण्यासाठी न्यायाधीशांसमोर खोटे बोलते व परतताना मोटारीत मुकाट रडते. बापाने तिला तसे सांगितलेले नसते.

आपल्याकडे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम समजत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा न्यायालयाला देतो. ते योग्यच. पण घरात हाच प्रश्न मुलाला रोज विचारला जातो. समेटासाठी आलेल्या एका मातेने बाहेरच्या बाकावरून मुलाला आत बोलावून ‘सांग फादरना, तुला कोण हवं?’ असे म्हटले, तेव्हा आम्ही तिला थांबविले नाही. उत्तराची वाट पाहत राहिलो.

अखेरीस तेर्मे म्हणते, निर्णय झाला आहे. आईबापांना बाहेर पाठविले जाते. मार्गिकेत दोघांमध्ये काचेचा पडदा. तिचे उत्तर फरहादी आपल्याला ऐकू देत नाहीत.