थोरांच्या तोंडी घातलेली वाक्ये

पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकण असा जो कारखान्यांचा पट्टा पसरला आहे, त्यातील कचेऱ्यांच्या व बँकांच्या दर्शनी भिंतीवर टांगलेली एक चौकट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. चौकटीत महात्मा गांधींची तसबीर असते आणि तिच्याखाली ग्राहकाचा महिमा वर्णिलेला असतो. ग्राहक हा आपल्या दारी येणारा सर्वश्रेष्ठ पाहुणा होय. त्याची सेवा करून आपण त्याच्यावर उपकार करीत नसून, सेवेची संधी देऊन तोच आपल्यावर उपकार करतो, असा त्या मजकुराचा आशय. चौकट लावणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. वाक्येही काही वाईट नाहीत. फक्त ती गांधींची नाहीत.

कित्येक ठिकाणी ह्या वाक्यांना दक्षिण आफ्रिकेतील १८९० सालचे भाषण असा स्थळकाळही जोडलेला आढळतो. १८९० साली गांधी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत होते; दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यास ते लागले १८९३ साली. भाषण आधी झाले आणि वक्ता तीन वर्षांनी आला, असा हा चमत्कार आहे. गांधींचे समग्र वाङ्मय भारत सरकारने इंग्रजीत शंभर खंडांत प्रसिद्ध केले आहे. त्यात भाषणे आहेत, लेख आहेत, पत्रे आहेत, तारा आहेत. हे ग्राहकस्तोत्र मात्र त्यात नाही. छापील रूपात ते १९४१ साली अमेरिकेत दिसते, आणि तेथे ते केनेथ इलियट नावाच्या गृहस्थाच्या नावावर आहे. हे गृहस्थ स्टुडबेकर कंपनीच्या विक्रीखात्याचे उपाध्यक्ष होते. स्टुडबेकर ही मोटारी बांधणारी कंपनी! ज्या पट्ट्यात मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग रात्रंदिवस तयार होतात, तेथे मोटारी विकणाऱ्याचे वचन भिंतीवर लागावे ह्यात वावगे काही नाही. त्याचेच नाव खाली घातले असते तर ते शोभलेही असते. परंतु विक्रीखात्याच्या उपाध्यक्षापुढे कोणी हात जोडीत नाही, आणि चौकट टांगावयाची ती हात जोडले जावेत म्हणूनच.

आता कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊ. कामगारांच्या गेट मीटिंगमध्ये किंवा निवडणुकीच्या सभेत गांधींचे दुसरे एक वचन कानी पडते. आधी ते तुमची उपेक्षा करतात, मग तुम्हांला हसतात, मग तुमच्याशी झगडतात, आणि शेवटी विजय तुमचा होतो, असा त्याचा मथितार्थ. हेही गांधींचे नव्हे. याच्याशी जवळचे नाते असलेले बोल १९१८ साली बाल्टिमोर येथे निकोलस क्लाइन ह्या वक्त्याने काढले होते, आणि तेही शिवणकामगारांच्या संघटनेच्या अधिवेशनात. त्याच्या मांडणीत शेवटची पायरी विजयाची नाही. आधी तुम्हांला जाळू पाहतात आणि मग तुमची स्मारके उभारतात, असे तो म्हणाला होता. ह्या कडवट शेवटाच्या जागी पुढे गोड शेवट आला आणि क्लाइनच्या जागी गांधी आले. कामगारांचेच वाक्य कामगारांपासून हिरावून महात्म्याच्या नावाने पुन्हा कामगारांस ऐकवावे, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

म्हणजे फाटकाच्या आत एक गांधी व बाहेर दुसरा, आणि दोघांच्या मुखातून बोलतात अमेरिकन! आत विक्रीखात्याचा अधिकारी, बाहेर कामगारांचा वक्ता. खरे गांधी कोठे आहेत, हे विचारण्याची गरज कोणासच पडत नाही.

ते होते अहमदाबादेस. ज्या १९१८ साली क्लाइन बाल्टिमोरला बोलत होता, त्याच वर्षी गांधी साबरमतीच्या काठी गिरणीकामगारांशी रोज बोलत होते. प्लेगच्या काळात दिलेला बोनस मालकांनी बंद केला, त्यावरून हा तंटा निघाला. कामगारांना पन्नास टक्के वाढ हवी होती. मालक वीस टक्क्यांवर अडून होते. गांधींनी हिशेब पाहून पस्तीस टक्के ही मागणी ठरविली आणि तेवढ्यावरच कामगारांना उभे केले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूस त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन! लढा चालू असता अनसूयाबेनच्या नावाने पत्रके निघत. ती गांधींची होती. कामगारांनी घेतलेल्या प्रतिज्ञेत पस्तीस टक्के मिळाल्यावाचून कामावर जाणार नाही एवढेच नव्हते. दंगा करणार नाही, लूट करणार नाही, शिवीगाळ करणार नाही, मालकांच्या मालमत्तेस धक्का लावणार नाही, असेही होते. निश्चय ढळू लागला तेव्हा १५ मार्चला गांधींनी उपवास आरंभिला आणि तीन दिवसांत तडजोड झाली. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, दुसऱ्या दिवशी वीस, पुढे निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस, अशी ती विलक्षण तडजोड होती. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी शेवटी निवाडा पस्तीस टक्क्यांचाच दिला. आणि हे सर्व झाल्यावर गांधींनी स्वतःच लिहून ठेवले की, आपला उपवास निर्दोष नव्हता. मालक आपले स्नेही होते, त्यांच्यावर त्याचा दाब पडला.

हे गांधी कोणाच्या भिंतीवर का लागत नाहीत, हे आता सांगावयास नको. मालकाने ते लावावेत तर पस्तीस टक्के समोर येतात. पुढाऱ्याने लावावेत तर पन्नासांवरून पस्तीसांवर उतरणे आणि शिवीगाळीची बंदी समोर येते. खरे वचन कोठेतरी, कोणालातरी, काही प्रसंगाने उच्चारलेले असते. त्याच्या मागेपुढे दुसरी वाक्ये असतात, आणि ती आपल्या सोयीची असतीलच असे नाही. बनावट वाक्याला मागेपुढे काहीच नसते, म्हणून त्याचा त्रास कोणास होत नाही. आमच्या मते ह्या खोटेपणाचे मर्म येथे आहे. थोर पुरुषाचे नाव हवे असते. थोर पुरुष नको असतो.

ह्यात केवढा तोटा आहे, याचे एक उदाहरण ह्याच पट्ट्यातील घ्यावे. २०१३ च्या उन्हाळ्याअखेर चाकण येथे बजाज ऑटोच्या कामगारांनी संप केला. तो सुमारे पन्नास दिवस चालला. त्यांच्या मागण्यांत कंपनीचे पाचशे समभाग प्रत्येकी एक रुपया भावाने मिळावेत, अशी एक मागणी होती. ज्या जमनालाल बजाजांच्या घराण्याची ही कंपनी, त्यांना गांधी आपला पाचवा पुत्र मानीत. संपत्तीचा धनी हा तिचा विश्वस्त होय, हा गांधींचा सिद्धान्त. मग विश्वस्ताने कामगारास नफ्यात वाटा द्यावा की मालकीत? विश्वस्त राहण्यासाठी मालकी आपल्याच हाती ठेवणे त्यास प्राप्त आहे काय? ह्या प्रश्नावर गांधींच्या खऱ्या लेखनातून दोन्ही पक्षांना पुष्कळ काढता येईल आणि पुष्कळ सोसावेही लागेल. तो वाद कडाक्याचा होईल, परंतु तो गांधींशी होईल. चौकटीतल्या वाक्यांशी वादच करता येत नाही. ती फक्त टांगता येतात.

हा दोष एका गांधींच्या बाबतीत घडतो असे नाही. आमच्या हाती दरवर्षी जे निबंध येतात, त्यांत मेकॉले हटकून भेटतो. १८३५ च्या २ फेब्रुवारीस त्याने पार्लमेंटात भाषण केले. आपण हिंदुस्थान उभाआडवा फिरलो, कोठे भिकारी दिसला नाही की चोर दिसला नाही. तेव्हा ह्या देशाचा कणा मोडावयाचा तर त्याची जुनी शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असे तो म्हणाला, अशी ही कथा आहे. विद्यार्थ्यांनी ती सभांतून उचललेली असते, आणि सभांत ती सांगणारे चांगले पदवीधर असतात. त्या दिवशी मेकॉले पार्लमेंटात नव्हताच. १८३४ साली तो हिंदुस्थानात आला आणि १८३८ साली परत गेला. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आहे ती कलकत्त्यास लिहिलेल्या त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची. त्या टिपणात आमच्या विद्यांची स्तुती नाही, चक्क तुच्छता आहे. आम्हांस नवल वाटते ते याचे की, ज्याला शिव्या द्यावयाच्या त्याच्याच तोंडून आपली प्रशंसा वदवून घेतल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. शत्रूचे प्रशस्तिपत्र इतके मोलाचे का वाटावे? आणि खऱ्या टिपणातला प्रश्न, सरकारी पैसा कोणत्या भाषेतील शिक्षणावर खर्चावा हा, आपापल्या मुलांना मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, ह्या रूपाने घरोघर जिवंत आहे. त्याकडे मात्र पाठ फिरते.

हीच गोष्ट छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने फिरणाऱ्या परदेशी स्तुतीची. व्हिएतनामच्या कोणा राष्ट्राध्यक्षाने अमेरिकेवरील विजयाचे श्रेय महाराजांच्या युद्धनीतीस दिले म्हणतात. कोणत्या, कधी, कोठे, हे सांगणाऱ्यास ठाऊक नसते. इकडे महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात गवताच्या गंजीजवळ दिवा ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सारे गवत जळेल, अशी ताकीद आहे. रयतेस काडीचाही त्रास न देण्याची ताकीद आहे. उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत ज्याची दृष्टी पोहोचते, त्या राज्यकर्त्यास हनोईच्या प्रमाणपत्राची काय गरज, हे आम्हांस कळत नाही.

कोणी म्हणतील, वाक्य चांगले आहे ना, मग ते कोणाचे का असेना! आम्हांस हे मान्य आहे. परंतु मग ते आपल्याच नावाने बोलावे. तसे केल्यास ते फिके पडते, म्हणजे जोर वाक्याचा नव्हता, नावाचा होता, हे उघड होते. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. आमच्या संतवाङ्मयात हे पूर्वीपासून चालत आले नाही काय? तुकोबांची मुद्रा लावून कितीतरी अनामिकांनी अभंग रचले. त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. हे खरे आहे. प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांचा दृष्टान्त घेऊन गीत रचले, ते तुकोबांचेच असे समजणारे रसिक अद्यापि भेटतात. आठवल्यांनी कोणास फसविले नव्हते. त्यांची रचनाच तशी उतरली होती. भक्त आपले नाव पुसतो, त्यास मिळवावयाचे काही नसते. राजकारणातला कर्ता आपले नाव पुसतो ते मत मिळविण्यासाठी, आणि पकडले जाऊ नये म्हणून. ह्या दोहोंस एका मापाने मोजणे म्हणजे भजन आणि जाहीरनामा एकच समजणे होय.

शिवाय आक्षेपक एक विसरतात. देहूस तुकोबांच्या हयातीतच ह्या प्रश्नाला तोंड फुटले होते. सालोमालो त्यांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवी, आणि तुकोबांनी त्याचा समाचार आपल्या अभंगांतूनच घेतला आहे. ती चोरी आजच्या उलट होती. तेव्हा संताचे शब्द पळवीत, आता संताचे नाव पळवितात. परंतु कोणते शब्द कोणाचे, याची चाड तुकोबांस होती आणि त्यांच्या मागच्यांसही होती. १८६९ व १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत निघाली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहण्यात आली. ह्यांतील देहू, तळेगाव आणि कडूस ही गावे ह्याच कारखान्यांच्या आसपासची.

आणि चाकण! ज्या गावाच्या नावाने आज मोटारींचे कारखाने ओळखले जातात, तेथील संताजी जगनाडे हे तेलाचा घाणा चालविणारे गृहस्थ तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक होते, आणि तुकोबांचे अभंग ते उतरवून ठेवीत, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी चाकणहून जवळच सुदुंबऱ्यास आहे. त्यांच्या घराण्यात जपलेल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर गाथेची एक स्वतंत्र आवृत्ती काढली, आणि तिच्या नावातच त्यांनी ‘अस्सल’ हा शब्द घातला.