परमिटचा कागद आणि वय वाचणारं यंत्र

मंडळी, १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा, आणि त्याआधी त्याला पबमध्ये दारू दिली गेली होती, असा पोलिसांचा आरोप. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे कायदा नव्हता असं नाही. तो टेबलापर्यंत पोहोचला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, विक्रीच्या प्रत्येक ठिकाणी वय तपासणं सक्तीचं करा, या मागणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला नोटीस काढली. मागणी रास्तच आहे. पण तिच्यामागोमाग जे बोललं जातं ना, की काउंटरवर स्कॅनर बसवा, आधार दाखवायला लावा, संपला प्रश्न, त्याची आज आम्ही थोडी चिरफाड करणार आहोत.

कारण वय तपासायची सोय महाराष्ट्रात आधीपासून आहे. ती म्हणजे परमिट. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे दारू पिणं ही मुळात मनाई केलेली गोष्ट, आणि परमिट हा तिला अपवाद. एका दिवसाचं परमिट विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन. वर्षाचं शंभर, आजन्म हजार. त्या कागदावर नाव असतं, वयाची अट असते. आता वाईन शॉपच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारा, शेवटचं परमिट हातात कधी घेतलंस? तो हसेल. परमिटची पुस्तकं दुकानातच भरली जातात, मनाला येईल ती नावं घालून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिशेब जुळतो, सरकारला पाच रुपये मिळतात, आणि ज्याचं वय बघायचं तो केव्हाच बाटली पिशवीत घालून गेलेला असतो.

यंत्राचं असंच होऊ शकतं. स्कॅन केल्याशिवाय बिल निघणार नाही, असं सॉफ्टवेअर करता येतं, मान्य. पण मग दुकानातल्या पोऱ्याचंच कार्ड दिवसभर स्कॅन होत राहिलं, तर?

दुसरं, यंत्र कोणाचं वय बघतं? पैसे देणाऱ्याचं. परमिट रूममध्ये दहा जणांच्या टेबलाला बिल एक येतं. गल्ल्यावरचा स्कॅनर त्या दहांपैकी एकालाच ओळखणार. अमेरिकेतल्या यूटा राज्याचं उदाहरण इथं बघण्यासारखं आहे. तिथं २००९ पर्यंत बारमध्ये बसायला क्लबचं सभासदत्व घ्यावं लागे. आपल्या परमिटची चुलत बहीणच म्हणा. ते काढून टाकलं तेव्हा पस्तिशीच्या आतल्या दिसणाऱ्याचं ओळखपत्र यंत्रानं वाचणं सक्तीचं केलं, तेही आत घेण्याआधी. शिवाय वाचलेली माहिती सात दिवसच ठेवायची.

हे सात दिवस आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. आधारच्या क्यूआर कोडमध्ये जन्मतारखेबरोबर नाव, फोटो आणि पत्ताही असतो. काउंटरला हवं असतं एवढंच, की समोरचा पंचवीस पूर्ण आहे की नाही. पत्ता त्याला कशाला? एखादी बाई वाईन शॉपवर गेली की चार माना वळतात, हे आपण बघतोच. तिथं तिच्या घराचा पत्ता दुकानातल्या फोनमध्ये राहणार असेल, तर हा चौकशीचा विषय आहे. २०१८ च्या आधार निकालात खासगी व्यवहारासाठी आधार मागण्यावर न्यायालयानं लगाम घातला, तो याच काळजीपोटी. यंत्रानं फक्त हो किंवा नाही म्हणावं. नावनिशी ठेवूच नये.

नाव ठेवलं नाही तर तपासलं हे कळणार कसं, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर आहे. उत्पादन शुल्क खात्यानं अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना मुद्दाम दुकानात पाठवून बघावं. इंग्लंडात अशी खरेदी-चाचणी नेहमी घेतात. दारू मिळाली तर परवानाधारकाला झळ बसली पाहिजे, काउंटरवरच्या नोकराला नव्हे. त्या नोकराचं काय चुकतं? मालक म्हणतो धंदा सोडू नकोस, खातं म्हणतं वय बघ, आणि समोर उभा असतो आमदाराच्या ओळखीचा पोरगा.

घरपोच दारूचं तर आणखी वेगळं. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये राज्यानं परमिटवाल्यांना ती मुभा दिली. तिथं ॲपवर टाकलेलं वय वडिलांचं, आणि दार उघडणारा मुलगा. म्हणून वय बघायचं ते बाटली हातात देताना, ऑर्डर घेताना नाही. आणि नाकारलेली बाटली परत आणणाऱ्या पोराची त्या फेरीची मजुरी कापायची नाही, हेही नियमातच लिहायला हवं. नाहीतर तो ती दारात ठेवून मोकळा होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, बोला.