'बनगरवाडी' : श्रमजीवन आणि निवेदकाची दृष्टी

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातील धनगरवस्तीचे, तर तोमास ओ क्रिहिन या मच्छीमाराचे गेलिक आत्मकथन (१९२९) आयर्लंडच्या ग्रेट ब्लास्केट बेटाचे चित्रण करते. दोन्हींत रोजचे श्रम हाच आशयाचा गाभा आहे. दुष्काळात वाडी उठते. बेटही १९५३ मध्ये निर्मनुष्य झाले. तथापि बेटकरी स्वतः बोलतो. वाडी मात्र बाहेरून आलेल्या शाळामास्तराच्या निवेदनातून दिसते. बैलाच्या जोडीला स्वतःस जुंपून घेणारी शेकूची बायको विसरता येत नाही, परंतु तिचे मनोगत अव्यक्तच राहते. मास्तराची सहानुभूती निर्विवाद आहे. ती वाडीच्या आत्मकथनाची जागा घेऊ शकत नाही. बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यातील मेंढपाळ कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांपुढे ही कादंबरी ठेवताना 'कोण सांगतो?' हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावयास हवा.